रेडिएटरमागचं पाणी

मे महिना सरत आला, थंडी पडली, की चिलीच्या दक्षिण टोकाला, आमच्या पुंता अरेनासला, माणसं भेटल्यावर आधी बॉयलरची खुशाली विचारतात, मग बायकोची. त्या वर्षी आमचा बॉयलरही ठणठणीत होता आणि बायकोही. आजारी पडला तो झोर्का मावशीच्या खोलीतला रेडिएटर.

झोर्का मावशी ही माझ्या बायकोची, नेवेन्काची, सख्खी मावशी. वय नव्वदीकडे झुकलेलं. लग्न केलं नाही. जन्मभर बंदरावर, लोकर परदेशी पाठवणाऱ्या एका कचेरीत टाईपरायटर बडवला, आणि गुडघे कुरकुरायला लागले तशी आमच्याकडे राहायला आली. रस्त्याच्या बाजूची खोली आम्ही तिला दिली, कारण घरातली सगळ्यात उबदार तीच. मोठी खिडकी, खिडकीखाली बॉयलरचं गरम पाणी खेळवून खोली तापवणारा जुना बिडाचा रेडिएटर. कंबरेइतका उंच, जाड फासळ्यांचा, हलवायला चार माणसं लागतील असा. त्याला खेटून मावशीची खुर्ची. दुपारचं जेवण झालं की ती तिथे ठाण मांडायची. नेवेन्का तिला यकृतासाठी बोल्दोच्या पानांचा काढा नेऊन द्यायची, शाल गुडघ्यांवर टाकायची, आणि मावशी रस्ता बघत बसायची. आमच्याकडच्या वाऱ्यात रस्ता बघण्यासारखा असतो. कोणाची टोपी उडाली, कोणाची छत्री उलटी झाली, कोण दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभं राहिलं, हे ती आतून ओरडून आम्हाला सांगायची.

एक दिवस केर काढताना नेवेन्का खाली वाकली ती वाकलेलीच राहिली.

"येर्को, जरा इकडे ये."

मी गेलो. मावशीच्या खुर्चीच्या बाजूला, रेडिएटरच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्यांवरचा पांढरा रंग फुगून आला होता. काही ठिकाणी त्याचे पापुद्रे सुटले होते, उन्हात भाजलेल्या पाठीसारखे. मागच्या अंगाला तर पार वरपासून खालपर्यंत पट्टा गेला होता. आणि खाली, लाकडी फळ्यांवर, तळहाताएवढा तपकिरी ओलावा.

"गळतोय," ती म्हणाली.

"खाली वाडगा ठेव."

"वाडगा ठेवल्यानं गळायचं थांबतं?"

"नाही. पण फळी वाचते."

मी सगळी नोकरी सामुद्रधुनीवरच्या फेरीबोटीवर केली. बोटीवर पाणी कुठून आलं हे विचारत बसलं तर माणूस बुडतो. आधी उपसायचं, मग विचारायचं. नेवेन्काचं शिक्षण वेगळं. ती कोट आणि विजारी दुरुस्त करते, उसवते, आत घेते, बाहेर सोडते. तिच्या हातात नवा कोट दिला तरी ती आधी तो उलटा करून अस्तर बघते. कसला दोरा, कोणी शिवलाय, कुठे घाई केलीय. एखादी गोष्ट अशी का झाली हे कळेपर्यंत तिला अन्न गोड लागत नाही.

"खिडकीतून येत असेल ग," खुर्चीतून मावशी म्हणाली. "या खिडकीला थंडीत रडायची सवयच आहे."

म्हणणं खोटं नव्हतं. बाहेर बर्फ आणि आत ऊब असली की काचेवर पाणी धरतं आणि ओघळतं. नेवेन्कानं काच पुसली, चौकटीच्या तळाशी टॉवेलच्या सुरळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी टॉवेल कोरडे, फळी ओली.

मग तिनं बाल्दोमेरो मिस्त्रीला बोलावलं.

बाल्दोमेरो मूळचा बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिलोए बेटावरचा, अंगानं पिंपासारखा, कानावर पट्ट्या असलेली टोपी घरातही न काढणारा. आल्यावर माते, म्हणजे आमच्याकडचा पानांचा कडक चहा, प्यायल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. नेवेन्कानं भरून दिलेली माते त्यानं नळीनं शेवटच्या घोटापर्यंत ओढली आणि मग गुडघ्यांवर बसून रेडिएटरभोवती बोटं फिरवायला सुरुवात केली. डॉक्टर पोट दाबून बघतो तशी.

"बॉयलरच्या दाबाच्या काट्याचं काय म्हणणं?" त्यानं विचारलं.

"उतरतो," नेवेन्का म्हणाली. "दर आठवड्याला पाणी भरावं लागतं."

"मग आहे कुठेतरी. हं, ही बघा." खालच्या चावीच्या दांड्याभोवती जो नट असतो, त्याच्या कडेला हिरवट पांढरी खपली धरली होती. त्यानं त्यावर कागदाचा तुकडा टेकवला. कागद ओला झाला. "चावीच्या मानेतून पाझरतंय. आतलं गुंडाळलेलं सूत मेलंय."

दोन्ही चाव्या बंद करून त्यानं नट सैल केला, जुनं कुजकं सूत सुईनं उकरून काढलं, काळं तेलकट नवं सूत दांड्याभोवती गुंडाळलं आणि नट बसवला. मी म्हटलं, "चांगला आवळ की."

"आवळून चालत नाही. जास्त पिळला की चावी फिरत नाही, आणि फिरवली की पुन्हा गळते. जेमतेम." मग त्यानं रंगाकडे पाहिलं. "हा रंग कोणी दिला?"

"घर घेतलं तेव्हापासून आहे."

"थरावर थर चढवलेत. खालचा घासलेलाच नाही. आत पाणी शिरलं, लोखंड गंजलं, गंज फुगला, रंग उठला. उन्हाळ्यात रेडिएटर गार असताना खरवडा आणि नव्यानं द्या. आता हात लावू नका."

तो गेला. काटा जागचा हलेना. सगळं कसं छान झालं. चार दिवस गेले असतील नसतील, तर नेवेन्कानं पुन्हा हाक मारली. फळीवर ओलावा होता. तसाच, त्याच जागी.

बाल्दोमेरो पुन्हा आला. माते प्यायला, बसला, बोटं फिरवली. चावीची मान कोरडी. दुसरी चावी कोरडी. वरचा हवा सोडायचा छोटा पेच कोरडा. त्यानं टोपी जरा मागे सरकवली.

"दोन फासळ्यांच्या जोडात केसासारखी चीर असणार. हे असं होतं. गार झालं की लोखंड आकसतं, चीर उघडते, दोन थेंब पडतात. तापलं की फुगतं आणि मिटतं. आपण बघायला येतो तेव्हा नेमकं तापलेलं असतं."

"मग काटा का उतरत नाही?" नेवेन्कानं विचारलं.

"एवढ्याशा पाण्यानं कसा उतरेल?"

"चावीतूनसुद्धा एवढंसंच जात होतं. तेव्हा उतरत होता."

बाल्दोमेरो उठला. मग काट्याकडे बघायला स्वयंपाकघरात गेला आणि परत आला.

"खरंय बाई. पाणी आतून येतंय तर काटा उतरायला पाहिजे. आणि आतून येत नाही तर येतंय कुठून?" त्याच्या आवाजात राग नव्हता. वीस घरांची कामं खोळंबली होती त्याची, तरी तो तिथेच फतकल मारून बसला. "मांजर आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"शेजाऱ्यांचं येत असेल," मावशी म्हणाली. "ते करडं. फार आगाऊ आहे ते."

"मावशी, दार बंद असतं. खिडकी बंद असते."

"मांजराला दार लागतं होय?"

त्या दिवसापासून या दोघांचा, म्हणजे माझ्या बायकोचा आणि बाल्दोमेरोचा, एक गटच झाला. तो येता-जाता डोकवायचा, ती त्याला दिवसभरात काय पाहिलं ते सांगायची. त्याच्या सांगण्यावरून तिनं सगळा रेडिएटर फडक्यानं लख्ख पुसला आणि प्रत्येक जोडावर, चावीवर, पेचावर मऊ कागदाची एकेक पट्टी बांधली. जी पट्टी भिजेल तिथे चोर.

"लढाईतून आलेल्या शिपायासारखा दिसतोय बिचारा," मावशी म्हणाली.

"तू हात नको लावूस हं मावशी."

"मी कशाला लावते? माझे काय उद्योग कमी आहेत?"

एकही पट्टी भिजली नाही. बॉयलर बंद करून रेडिएटर गार होऊ दिला, आम्ही सगळे घरात कोट घालून वावरलो, मग पुन्हा तापवला. पट्ट्या कोरड्या. फळी कोरडी. पूर्ण आठवडाभर खडखडीत.

"बरा झाला बघ आपोआप," मावशीनं निकाल दिला. "कधी कधी दुखणं असंच जातं. त्याच्या मागे लागू नये."

त्याच सुमाराला खिडकीतलं जेरेनियम मान टाकायला लागलं. पानं पिवळी पडली, मातीवर बारीक चिलटं घोंघावायला लागली. खिडकीत थंडी लागत असेल म्हणून नेवेन्कानं कुंडी उचलून स्वयंपाकघरात आणली. रेडिएटरवरच्या पट्ट्याही सोडल्या.

दोन दिवसांनी फळी ओली!

"हा माणसं ओळखतो," मी म्हटलं. "पट्ट्या बांधल्या की शहाण्यासारखा बसतो."

नेवेन्का हसली नाही. ती पालथी पडून, गाल फळीला टेकवून, रेडिएटरच्या पोटाखाली विजेरी मारून बघत होती. तिथूनच म्हणाली, "लोखंडाला कसं कळतं रे, आपण बघतोय की नाही ते?"

शेवटी बाल्दोमेरोनंच हात टेकले. शनिवारी रेडिएटर भिंतीवरून उतरवायचा, अंगणात नेऊन दाबानं पाणी भरून तपासायचा, चीर सापडली तर भंगारात आणि त्या जागी नवा, पत्र्याचा, हलका. तोवर मावशीला मागच्या खोलीत हलवायचं.

"मागच्या खोलीतून रस्ता दिसत नाही," मावशी म्हणाली.

"थोडे दिवसच ग."

"आणि हा गेला की गेला. पत्र्याच्या डब्याला टेकून बसायचं मी?" ती रेडिएटरकडे बघत बोलत होती. "गळू दे की जरासा. एवढं काय त्यात! पाणीच आहे."

"फळी कुजेल मावशी."

"माझ्यानंतर कुजेल."

त्या दिवशी ती नीट जेवली नाही. मेंढीच्या रश्श्यातला बटाटा तेवढा खाल्ला. मला वाटलं, खोली बदलायचं मनाला लागलं असेल. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची दोन हात सरकवली तरी परक्या गावात गेल्यासारखं वाटतं.

शुक्रवारी दुपारी मावशीचा डोळा लागला होता. नेवेन्का शिवणाची बारीक कात्री घेऊन रेडिएटरपाशी गेली आणि सुटलेल्या रंगाचा एक मोठा पापुद्रा अलगद उचकटून बाहेर घेऊन आली. स्वयंपाकघरात खिडकीपाशी तिनं तो उलटा केला. आतल्या बाजूला तपकिरी डाग होता. त्यावर तिनं बोट टेकवलं आणि उचललं. पापुद्रा बोटाबरोबर वर आला.

"येर्को, गंज चिकट असतो का?"

"गंज? नाही. गंज भुकटी असते."

"मग हे बघ."

मीही बोट लावलं. चिकट होतं, मुरंब्याच्या बरणीच्या झाकणासारखं. तिनं काचेच्या पेल्यात थोडं कडकडीत पाणी घेतलं, पापुद्रा त्यात टाकला आणि वर बशी झाकली. आम्ही दोघं ओट्यावर कोपरं टेकून त्या पेल्याकडे बघत उभे राहिलो. पाणी हळूहळू पिवळसर झालं. मग तिनं बशी उचलली आणि नाक खाली नेलं. तिचा चेहरा आधी कोरा राहिला. मग तिनं पेला माझ्याकडे सरकवला.

"वास घे. सांग कसला ते."

मी घेतला. ओळखीचा होता, पण नाव तोंडावर येईना. "दुपारचा वास आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे जेवण झालं, ताटं उचलली, की या घरात येतो तो..."

आणि मग मला कळलं. तिला आधीच कळलं होतं. बोल्दो. मध घातलेला बोल्दोचा काढा.

ती स्टुलावर बसली. "रोज," ती म्हणाली. "रोज मी पानं निवडते. देठ काढते. जून पानं कडू लागतात म्हणून कोवळी बघून आणते. मध घालते. इतकी वर्षं." तिनं पेला दूर सरकवला. "रिकामा कप हातात देऊन म्हणायची, किती बरं वाटलं ग."

"जाऊन विचार तिला."

"नाही. आधी मला एक बघायचंय."

तिनं किटली चढवली, रोजच्यासारखी पानं टाकली, रोजच्याइतकं उकळलं, रोजच्याइतका मध घातला. आणि कपात ओतून स्वतः एक घोट घेतला. एवढ्या वर्षांत तिनं तो काढा कधी तोंडात घेतला नव्हता. घेईल कशाला? तिचं यकृत काय कोणी तपासलं होतं!

तिचे डोळे मिटले, खांदे वर गेले, तोंड असं झालं की मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ईऽऽ! येर्को, हे काय आहे?"

"काढा."

"हे माणसांना देतात?"

मला हसू आवरेना. तिलाही आलं, पण तोंडातली कडू चव जाईना, त्यामुळे ती हसायची आणि शहारायची. मग एप्रनला तोंड पुसून तिनं दोन कप भरले आणि तबकात ठेवून मावशीच्या खोलीकडे निघाली. मी मागोमाग दारापर्यंत गेलो.

मावशी जागी झाली होती. नेवेन्कानं एक कप तिच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेऊन पलंगाच्या कडेला बसली.

"आज आपण दोघी मिळून पिऊ."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. "तू कशाला?"

"का? मला यकृत नाही?"

नेवेन्कानं घोट घेतला आणि गिळला. डोळ्यांत पाणी आलं तरी चेहरा हलू दिला नाही. मावशी बघत होती. नेवेन्कानं दुसरा घोट घेतला. मावशीच्या कपातला काढा मात्र होता तेवढाच होता. रस्त्यावर कोणीतरी वाऱ्याशी झगडत चाललं होतं, पण आज तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कडू आहे ना?" तिनं हळूच विचारलं.

"विष आहे."

"मग टाक ना बाई तोंडातून."

"कुठे टाकू?"

मावशीनं काठी उचलली आणि रेडिएटरच्या मागच्या फटीकडे दाखवली. "इथे. इथे बरोबर जातं."

दारात मी तोंडावर हात दाबून उभा. नेवेन्कानं कप खाली ठेवला.

"सांगितलं का नाहीस ग?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते." मावशी शालीची झालर बोटांनी सरळ करत होती. "पण तुझी आई नुकतीच गेलेली. दोन वर्षं तू तिचं सगळं केलंस, आणि ती गेली तसे तुझे हात एकदम रिकामे पडले. रिकामे हात घेऊन तू घरभर फिरायचीस. कपाट उघडायचीस, बंद करायचीस. मग डॉक्टर मला म्हणाले, हवं तर जेवणानंतर बोल्दो घ्या. 'हवं तर' म्हणाले होते ते, तू ऐकलंच नाहीस. दुसऱ्या दिवशी तू तबक घेऊन दारात उभी राहिलीस. कितीतरी दिवसांनी तुझ्या तोंडावर जरा तेज होतं. मी म्हटलं, एका कपानं हिची दुपार निभत असेल तर निभू दे."

"मग नंतर तरी..."

"नंतर कधी? पुढच्या वर्षी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मागच्या वर्षीच्याचं काय केलंस? जितका उशीर तितकं अवघड. आधी पीत होते हो मी, अगदीच काही नाही असं नाही. अर्धा प्यायचे, अर्धा त्याला द्यायचे. मग त्यालाच सगळा."

"आणि आम्ही पट्ट्या बांधल्या तेव्हा?"

"तेव्हा जेरेनियमला."

"म्हणून मेलं होय ते!"

"त्याला यकृत नसेल," मावशी गंभीरपणे म्हणाली.

नेवेन्का हसत सुटली. हसता हसता तिनं डोळे पुसले. कशाचे, ते मी विचारलं नाही. उठून तिनं मावशीच्या हातातला कप घेतला, तबकात ठेवला, आणि तिच्या डोक्यावर ओठ टेकवले. "लबाड म्हातारी," ती म्हणाली.

"बाल्दोमेरोला सांगू नको. त्याच्यासमोर शोभा होईल."

पण सांगितल्याशिवाय कसं राहणार? शनिवारी तो लांब दांड्यांचे पाने आणि सोबतीला मेव्हणा घेऊन हजर झाला. नेवेन्कानं त्याला बसवून, माते हातात देऊन, सगळं सांगितलं. तो अवजारांच्या पेटीवर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं चक्क टोपी काढली. आम्ही त्याचं टक्कल प्रथमच पाहिलं.

"म्हणजे माझा नट बरोबर होता?"

"होता."

"आणि चीर नाही?"

"नाही."

"मग झालं." त्यानं टोपी पुन्हा घातली. पण त्याला चैन पडेना. तो मावशीसमोर जाऊन उकिडवा बसला. "मावशी, एक विचारू? इतके दिवस ओतलंत, पण वरच्या अंगावर कधी ओघळ नाही, भिंतीवर शिंतोडा नाही. ते कसं?"

मावशी लाजली. मग तिनं कपात साधं पाणी मागवलं, खुर्चीच्या हातावर कोपर टेकवलं, कप शेवटच्या फासळीच्या मागे नेला आणि मनगट एवढंसं कलतं केलं. पाण्याची दोऱ्यासारखी धार फटीतून सरळ खाली गेली. आवाजसुद्धा नाही. "हात स्थिर लागतो," ती म्हणाली. "जन्मभर टायपिंग केलंय." बाल्दोमेरोनं करून पाहिलं, तर अर्धं पाणी त्याच्या बाहीत गेलं. मेव्हण्यानं सांडलं ते सगळं खिडकीच्या फळीवर. मावशी त्या दोघांना मनगट कसं धरायचं ते शिकवत बसली.

माणसं आलीच होती, म्हणून रेडिएटर तरीही उतरवला. मागची बाजू साफ करायलाच हवी होती, आणि फळीचा एक तुकडा खरंच मऊ झाला होता. बाल्दोमेरो म्हणाला, जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा घासायचा नाही. म्हणून मावशीला मागच्या खोलीत बसवलं, दार लावलं, आम्ही नाकातोंडाला फडकी बांधली आणि रंग ओला करून करून खरवडायला घेतला. वरचा पांढरा गेला. खाली सायीसारखा पिवळट. त्याखाली दवाखान्यातल्या भिंतींना असतो तसला हिरवा. आणि त्या हिरव्याच्या खाली नेवेन्काची खरवडायची पट्टी कशाला तरी अडखळली.

"थांबा, थांबा! इथे काहीतरी आहे."

गंज असेल म्हणून मी तारेचा ब्रश उचलला, तर तिनं माझा हात धरला. दात घासायचा जुना ब्रश आणून ती तिथे हळूहळू घासत राहिली. लोखंडातून एक पान वर आलं. मग देठ, मग वळसे घेत वर चढणारी वेल, मग पाच पाकळ्यांचं बारकं फूल. प्रत्येक फासळीवर तीच वेल, खालपासून वरपर्यंत. कोणीतरी कुठल्यातरी कारखान्यात साच्यात कोरलेली, आणि आधीच्या घरमालकांनी दर खेपेला रंग चढवून बुजवून टाकलेली. नेवेन्का अंधार पडेपर्यंत उठली नाही. एक फासळी झाली की पुढची, प्रत्येक पान आधीच्यासारखंच आहे की वेगळं हे तिला बघायचं होतं.

सगळं धुऊन पुसून झाल्यावर मावशीला बोलावलं. ती काठी टेकत आली, खाली वाकली आणि बोटांच्या टोकांनी ती वेल चाचपली.

"मी याला टेकून बसत होते?"

"तूच."

"द्राक्षाची पानं आहेत."

"छे, बटाट्याची," बाल्दोमेरो म्हणाला. "हे फूल बघा ना. बटाट्याचंच."

"रेडिएटरवर बटाटे कोण काढेल रे? चिलोएचा माणूस, तुला सगळीकडे बटाटे दिसणार!"

गंज धरू नये म्हणून आधी तांबूस रंगाचा हात दिला, तो नीट वाळू दिला, आणि वर मावशीनं निवडलेला गडद निळा. पातळ, इतका पातळ की दुकानदारानं दिलेल्या डब्यातला अर्धा उरला. जाड दिला असता तर वेल पुन्हा बुडाली असती. फळीचा तुकडा बदलला. पहिल्यांदा तापवला तेव्हा ताज्या रंगाचा असा वास सुटला की ऐन जुलैत खिडकी उघडावी लागली. वारा आत घुसला आणि मावशी ओव्हरकोट, लोकरी टोपी, हातमोजे अशा थाटात खुर्चीत बसून राहिली. मागच्या खोलीत जा म्हटलं तर जाईना.

काढा बंद झाला. पण दुपार तशीच होती आणि नेवेन्काचे हातही. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ती ओट्याशी उगाच घुटमळली, किटली उचलली, ठेवली. तेवढ्यात काठीचा ठकठक आवाज आला. मावशी स्वतः उठून आली होती.

"कॉफी कर," ती म्हणाली. "दूध घालून. आणि मला उसवायला दे काहीतरी. बसून बसून बोटं गंजायला लागली."

आता दुपारी दोघी स्वयंपाकघरातच असतात. मावशी कोटांचे जुने टाके उसवते, एकही धागा न तोडता. नेवेन्का शिवते. कॉफी आवडली नाही तर मावशी स्पष्ट सांगते. कधी कधी जरा जास्तच स्पष्ट. मग नेवेन्का रागावते, कप उचलून नेते आणि पुन्हा करून आणते.

बॉयलरचा काटा त्यानंतर हलला नाही. ती पानं कशाची हे मात्र अजून ठरलेलं नाही. नेवेन्कानं वेलीवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा काढलाय, आणि कोट घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती तो दाखवते. परवा शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, अशी वेल जगात कुठेच नसते, कारागिरानं मनानंच काढली असणार. ते काही नेवेन्काला पटलेलं नाही. ती म्हणते, त्यानं काहीतरी बघितलं असणारच.